डिझेल इंजिनाचे टायमिंग आणि नित्याची निगा

उन्हाळी पिकाला पाण्याची ऐन गरज असते आणि नेमके त्याच वेळी विहिरीवरचे डिझेल इंजिन काळा धूर ओकू लागते. ‘टायमिंग बिघडले’ असे म्हणून कोणीतरी पाना हाती घेतो व पंपाचा स्क्रू फिरवतो. मूळ दोष पुष्कळदा तुंबलेल्या हवा-गाळणीत असतो. पण या उपद्व्यापाने चांगले टायमिंगही हातचे जाते. म्हणून टायमिंग म्हणजे काय व त्याला हात केव्हा लावावा, हे नीट समजून घ्यावे.

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवा अतिशय तापते व तीत तेलाचा फवारा शिरताच पेट घेतो. हा फवारा दट्ट्या माथ्याशी पोचण्याच्या किंचित आधी सुटावा लागतो. तो फार लवकर सुटल्यास इंजिन कर्कश ठोके देते व सुरू करताना हँडल उलटा झटका देते. उशिरा सुटल्यास जोर कमी पडतो, धूर वाढतो व धुराडे फाजील तापते.

आधी हे तपासावे

१. हवा-गाळणी व तेल-गाळणी स्वच्छ आहे काय?
२. डिझेलमध्ये पाणी किंवा नळीत हवा शिरली आहे काय?
३. व्हॉल्व्हची फट पुस्तिकेप्रमाणे आहे काय?
४. नोझलचा फवारा ठीक आहे काय? ही तपासणी जाणत्या कारागिराकडून करवावी. फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये. तेल कातडीत घुसल्यास जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

टायमिंग तपासण्याची रीत

ही रीत एका सिलिंडरच्या साध्या इंजिनासाठी आहे. इंजिन बंद व थंड असावे. टाकीची तोटी उघडून पंपातील हवा काढावी. पंपापासून नोझलकडे जाणारी नळी सोडवावी व इंधनाचा दांडा पूर्ण पुरवठ्यावर ठेवावा. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून फ्लायव्हील नेहमीच्या दिशेनेच हाताने सावकाश फिरवावे. दोन फेऱ्यांत एकदा पंपाच्या तोंडाशी तेलाची पातळी हलेल. ती हलू लागताच थांबावे. त्या वेळी फ्लायव्हीलवरील इंधनाची खूण दर्शकासमोर असली पाहिजे. खूण पुढे निघून गेल्यास चाक उलटे न फिरवता पुन्हा फेरी घ्यावी. तीन वेळा तपासून एकच उत्तर आले, तरच ते खरे मानावे.

चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर असल्यास परिघावरील सुमारे ५ मिलिमीटर म्हणजे एक अंश होय. खूण दर्शकापाशी येण्यापूर्वीच तेल हलले, तर फवारा लवकर सुटतो. येऊन गेल्यावर हलले, तर उशिरा. पंपाखालील टॅपेटचा स्क्रू वर घेतल्याने फवारा लवकर व खाली घेतल्याने उशिरा सुटतो. स्क्रू अगदी थोडा फिरवावा, चेकनट आवळावा व पुन्हा तपासावे. टॅपेट फाजील वर घेतल्यास पंपाचा दांडा वर आदळून पंप मोडतो.

ट्रकच्या जुन्या डिझेल इंजिनांतही तत्त्व हेच आहे. मात्र बीएस-६ ट्रकांत फवाऱ्याची वेळ विद्युत-यंत्रणा ठरवते. तेथे पान्याचे काम नाही.

नित्याची निगा

वंगण-तेलाची पातळी रोज पाहावी. ते पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर, इंजिन गरम असताना बदलावे. डिझेलचे पिंप एक दिवस स्थिर ठेवावे, तळाचे तेल घेऊ नये. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा व धोतराचा सोगा पट्ट्यापासून दूर खोचावा.

चाललेले तास, तेलबदल व दुरुस्ती यांची वही प्रत्येक इंजिनापाशी असावी. ग्रामसेवकांनी हंगामापूर्वी गावातील एका इंजिनावर ही रीत सर्वांसमक्ष करून दाखवावी. कोणता स्क्रू फिरवावा याबरोबरच तो केव्हा फिरवू नये, हेही शेतकऱ्यास कळले, म्हणजे ऐन पाळीच्या दिवशी पाणी थांबणार नाही.