वाचताना गाणी लावावीत का?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना मी भावगीते लावते, पण पान संपले तरी डोक्यात काही उरत नाही. मोझार्ट ऐकल्याने स्मरणशक्ती वाढते म्हणतात. तेच लावू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मोझार्टबद्दलचा हा समज १९९३च्या एका अमेरिकी प्रयोगातून पसरला. त्यात विद्यार्थ्यांनी आधी १० मिनिटे संगीत ऐकले, मग आकृत्यांची कोडी सोडवली. फायदा जेमतेम पाव तास टिकला. वाचनाची ती चाचणीच नव्हती.

तुमचे लक्ष उडते ते गीतांच्या शब्दांमुळे. वाचताना आपण मजकूर मनातल्या मनात उच्चारत असतो आणि ओळखीच्या भाषेतले गाणे नेमके तिथेच आडवे येते. त्यातून गाणे पाठ असले, की पुढची ओळ आपसूक ओठांवर येते आणि परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही.

सोबत हवीच असेल तर संतूर किंवा बासरीचा संथ आलाप लावा. द्रुत गत आणि झाला हे वेगवान भाग मात्र लक्ष खेचून घेतात. तानपुऱ्याचा अखंड नाद आलापाहूनही बरा. शेजारचा टीव्ही झाकायला पावसाचा आवाजही चालतो.

हेडफोनचा आवाज कमीच ठेवा. अवघड प्रकरण वाचताना सगळेच बंद करा. भावगीते अभ्यासानंतर निवांत ऐका.