चिनी आजीचा पाहुणचार

चीन देशाच्या वायव्य भागात शेन्सी नावाचा प्रांत आहे. शिआन ही त्याची राजधानी. प्राचीन काळी हिलाच चांगआन म्हणत. ह्युएन त्संग हा थोर भिक्षू इ. स. ६४५ मध्ये भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन याच नगरीत परतला. ते ग्रंथ जतन करण्यासाठी ६५२ मध्ये बांधलेला मनोरा, अनेकदा डागडुजी होऊन, आजही तेथे उभा आहे. ह्युएन त्संगाने आपल्या प्रवासवृत्तांत महाराष्ट्राचेही वर्णन केले आहे. येथील लोक केलेला उपकार विसरत नाहीत आणि झालेला अपमानही विसरत नाहीत, असे त्याचे मत पडले.

सन २०१९ च्या उन्हाळ्यात पुण्याचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी चिनी भाषेच्या अभ्यासासाठी शिआनला गेला. वसतिगृहात न उतरता तो पाच आठवडे एका चिनी कुटुंबात राहिला. अकराव्या मजल्यावरचे ते तीन खोल्यांचे घर. घरात नवराबायको, त्यांची बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरी उलटलेली आजी, अशी चार माणसे. वडिलांच्या आईला चिनी भाषेत ‘नाय-नाय’ म्हणतात. विद्यार्थीही आजींना तसेच म्हणू लागला.

नात्यांच्या बाबतीत त्याला मुळीच परके वाटले नाही. इंग्रजीत काका आणि मामा यांना एकच शब्द. चिनीत तसे नाही. तेथे मामा निराळा, काका निराळा, आत्या निराळी आणि मावशीही निराळी. इतकेच नव्हे, तर वडिलांच्या थोरल्या भावाला ‘बोबो’ आणि धाकट्याला ‘शूशू’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. एवढा बारकावा आपल्याकडेही नाही. मावशीच्या वयाच्या स्त्रीला ‘आयी’ म्हणण्याची तेथे रीत आहे. त्यामुळे घरच्या बाईंना हाक मारताना दर वेळी त्याला आपल्या आईची आठवण होई.

भाषेने मात्र त्याची फजिती केली. चिनी भाषेत एकच अक्षर चढत्या, उतरत्या किंवा सपाट सुरात उच्चारले, की त्याचा अर्थ बदलतो. सहाव्या दिवशी तो दिवसभर उन्हात शहराचा जुना तट पाहत हिंडला. तटाचा घेर सुमारे साडेतेरा किलोमीटर. पाय अगदी गळून गेले होते. रात्रीचे जेवण झाल्यावर तो आजींना म्हणाला, “मला श्वेइ-च्याओ पाहिजे.” त्याला म्हणायचे होते, ‘झोप पाहिजे.’ पण सूर चुकला आणि त्या शब्दाचा अर्थ झाला ‘उकडलेल्या करंज्या’! नाय-नाय आनंदाने उठल्या. त्यांनी कणीक मळली, पाती चिरली, अंडी परतली. तासाभराने वाफाळलेल्या वीस करंज्या त्याच्यापुढे आल्या.

विद्यार्थी ओशाळला. ताटात टाकायचे नाही, हे वळण त्याला लहानपणापासून होते. परंतु पोटात जागा नव्हती. कशाबशा आठ करंज्या त्याने संपवल्या. आजी आणखी वाढू लागल्या, तेव्हा पंगतीत पानावर हात आडवा धरतात तसा त्याने वाडग्यावर हात धरला. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाडगा उचलला आणि आत नेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी पिण्यास तो उठला. (तेथे उन्हाळ्यातही उकळलेले, कोमट पाणी पितात.) स्वयंपाकघरात नाय-नाय एकट्याच बसून त्या उरलेल्या करंज्या गरम करून खात होत्या. मेजावर पडलेला कणकेचा लहानसा तुकडाही त्यांनी बोटाने टिपून तोंडात टाकला. आपण त्यांचा अपमान केला, या विचाराने तो दिवसभर अस्वस्थ होता.

संध्याकाळी त्याने शूशूंजवळ मन मोकळे केले. ते म्हणाले, “ती रागावलेली नाही. तिचे बालपण शेजारच्या गान्सू प्रांतात गेले. १९५९ ते १९६१ या वर्षांत चीनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. नुसत्या पावसावर त्याचा दोष टाकता येत नाही. सरकारची धोरणे चुकली होती, खेड्यांतले धान्य उचलून नेले गेले होते. कोट्यवधी माणसे भुकेने मेली. तेव्हा ती हिच्याएवढी होती.” त्यांनी आपल्या मुलीकडे बोट दाखवले. “तिने झाडाची साल खाल्ली आहे. म्हणून घरात कोणी ‘भूक’ म्हटले, की तिला बसवत नाही. आणि अन्न फेकलेले तिला पाहवत नाही.”

विद्यार्थी काही वेळ गप्प राहिला. त्याची स्वतःची आजी बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. तिथे मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि तिची न चावणारी भाकरी, यांच्या गोष्टी ती सांगे. नातवंडे त्या गोष्टींना कंटाळत. तोही कंटाळत असे.

जेवणानंतर तो नाय-नायजवळ जाऊन बसला आणि मोडक्यातोडक्या चिनीत त्याने आपल्या आजीची हकीकत सांगितली. ‘खडी’ला शब्द सापडेना, तेव्हा हाताने हातोडा मारून दाखवला. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आता ती पोटभर जेवते ना?” “जेवते,” तो म्हणाला. त्या रात्री त्याने पुण्याला फोन लावला आणि आजीशी बराच वेळ बोलला.

त्यानंतर त्याने एक युक्ती केली. वाडगा रिकामा झाला, की पाहुण्याला अजून भूक आहे असे समजून नाय-नाय वाढत. म्हणून तो आधीच थोडे वाढून घेई आणि सावकाश जेवे. पहिल्या आठवड्यात तो प्रत्येक घासाला आभार मानत असे, तेव्हा आयी हसून म्हणाल्या होत्या, “घरच्या माणसाचे कोणी आभार मानते का?” ती सवयही सुटली.

उत्तर चीनमध्ये घरी येणाऱ्याला शेवया आणि प्रवासास निघणाऱ्याला करंज्या करून घालण्याची प्रथा आहे. निघण्याच्या दिवशी पहाटेच स्वयंपाकघरात लाटणे वाजू लागले. विद्यार्थी दाराशी उभा राहिला आणि अचूक सुरात म्हणाला, “नाय-नाय, मला श्वेइ-च्याओ पाहिजे.”

आजींनी वळून पाहिले. पीठ लागलेले दोन्ही हात गालाखाली जोडून त्यांनी डोळे मिटले, झोपल्याचे सोंग केले, आणि मग पदार्थाचे पातेले पुढे सरकवले.