चित्रकलेच्या तासाचे मदतनीस

मुलांनो, शिकवणे सोपे असते, असे तुम्हांला वाटते का? सर येतात, फळ्यावर लिहितात, समजावून सांगतात आणि घंटा वाजते. यात अवघड ते काय? असे वाटत असेल, तर एकदा चित्रकलेच्या शिक्षकांना मदत करून पाहा.

आपल्या राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा होतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन अशी तयारी करावी लागते. मुले पुष्कळ आणि सर एकटे. मग ते वरच्या वर्गातल्या, इंटरमिजिएट झालेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला मदतीला घेतात. समजा, तुम्हांलाच बोलावले.

पाणी आणणे, कागद वाटणे ही कामे चटकन होतात. नंतर सर म्हणतात, "मागच्या बाकांकडे तू बघ." खरे काम इथून सुरू होते.

टेबलावर बादली ठेवली आहे. सहावीतल्या एका मुलाने तिचे तोंड पूर्ण गोल काढले आहे आणि तळाला सरळ रेघ मारली आहे. असे का? बादलीचे तोंड गोल असते, हे त्याला ठाऊक आहे. बादली सपाट टेबलावर उभी राहते, हेही ठाऊक आहे. जे ठाऊक आहे ते त्याने काढले; जे दिसते ते काढले नाही. बी.एड.ला आम्ही 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र पाठ केले होते. इथे तर ज्ञातच आडवे येते!

त्याला 'चुकले' म्हणायची घाई करू नका. तुम्ही उभे आहात, तो बसला आहे. तुम्हांला बादलीचे तोंड जेवढे उघडे दिसते, तेवढे त्याला दिसत नाही. आधी त्याच्या जागेवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहा. मग एक बांगडी आडवी धरून त्याला दाखवा. डोळ्यांसमोर धरली तर ती रेघ दिसते. हळूहळू खाली नेली की लंबगोल होऊन उघडत जाते. आता बादलीचा तळ त्याला वाकलेला दिसू लागेल.

तो पेन्सिल पुढे करील आणि म्हणेल, "भाईजान, तुम्हीच काढून द्या ना!" मुलगी असाल तर 'बाजी' म्हणेल. त्याच्या कागदाला हात लावू नका. परीक्षेत तुम्ही शेजारी नसणार. काय ते आपल्या कोऱ्या कागदावर काढून दाखवा आणि थांबा. हे थांबणेच फार कठीण, असे मला वाटते. तास थोडा असतो, दहा हात वर असतात आणि हा मुलगा अजून विचारच करत असतो.

आणखी एक मुलगी आहे. ती काही विचारत नाही, नुसती खोडत राहते. खोडून खोडून कागदाचे तूस निघाले आहेत. अशा कागदावर रंगही नीट बसत नाही. 'छान आहे' असे खोटे सांगून तिचे समाधान होणार नाही. तिच्या चित्रात बरोबर आलेली एक तरी रेघ शोधा. "ही उंची बरोबर आहे. आता हिच्यावरून रुंदी मोज," असे सांगा. हात ताठ करून पेन्सिलीने कसे मोजतात, ते दाखवा. तिने खुशखत शिकले असेल तर आणखी सोपे. नस्तालीक अक्षरांची लांबी-रुंदी कलमाच्या नुक्त्यांनी मोजतात, हे तिला माहीत असेल. तिथे माप नुक्त्याचे, इथे पेन्सिलीचे. ज्ञात शेवटी असे उपयोगी पडते, पण कोणाला कोणते, ते मूल पाहूनच कळते.

घंटा वाजते. ब्रश धुवायचे राहिलेले असतात आणि खिडकीजवळच्या तीन मुलांपर्यंत तुम्ही पोहोचलेलेच नसता. त्यांची नावे लिहून ठेवा. उद्या आधी त्यांच्याकडे जा.