हाताने बनवलेला क्यू मागवताना

"एका काठीले एवढे पैसे? येडा झाला का बे?" पूलच्या क्यूसाठी मी नाश्ता बंद करून पैसे साठवतोय हे कळताच रूममेटने हॉस्टेलभर दवंडी पिटली. मित्रांनो, हा लेख म्हणजे त्याला दिलेलं उत्तर!

पूलचा क्यू साधारण ५८ इंच लांब, वजनाला १८ ते २१ औंस आणि टोकाशी सुमारे १३ मि.मी. जाड असतो. पुढचा भाग म्हणजे शाफ्ट, तो बहुधा हार्ड मेपलचा. (स्नूकरचा क्यू टोकाशी ९-१० मि.मी., लाकूड बहुधा ॲश. तेव्हा खेळ कोणता ते आधी ठरवा.)

आता वर्कशॉप आठवा. एम.एस.चा रॉड आपण एका प्रॅक्टिकलमध्ये टर्न करतो. लाकडाचं तसं नाही. थर काढला की आतले ताण मोकळे होतात आणि दांडा वाकतो. म्हणून चांगला कारागीर थोडंसंच कापतो, कित्येक आठवडे दांडा टांगून ठेवतो, वाकलेले बाद करतो, मग पुढचा कट. आपण पैसे मोजतो ते या थांबण्याचे.

मी मागच्या वर्षी 'पंधरा दिवसांत देतो' म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊन बसलो. क्यू आला तेव्हा सरळ होता. मे महिन्यात शेगावच्या कोरड्या उन्हात असा वाकला की टेबलवर लोळवला तर टोक उड्या मारायचं!

यावेळी आधी विचारलं, किती कट, मध्ये किती दिवस? आवडता क्यू बोटावर तोलून तोलबिंदू मागच्या टोकापासून मोजला, वजनासकट लिहून पाठवला. उत्तर आलं, सहा महिने लागतील.

रूममेट रोज विचारतो, "काठी आली का बे?"