चरित्रलेखन आणि निर्णायक क्षण : पी. टी. उषा

चरित्र आणि गौरवलेख यांतील भेद तुम्हांस परिचित आहे. पी. टी. उषा यांच्याविषयीच्या लेखनात तो विशेष जाणवतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ५५.४२ सेकंदांत पूर्ण केली. कांस्यपदक मिळवणाऱ्या रुमानियाच्या धावपटूची वेळ होती ५५.४१. सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजे त्या वेगाने अवघे सात सेंटिमीटर! गौरवलेख येथे ‘दैवगती’ म्हणून थांबतो. चरित्रकाराला मात्र हे सात सेंटिमीटर कोठे निसटले, याचा शोध घ्यावा लागतो.

महिलांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी प्रथमच होत होती. उषा मुळात १०० व २०० मीटरच्या धावपटू. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत त्यांची दोन्ही रौप्यपदके याच शर्यतींतील. अडथळ्यांचा त्यांचा अनुभव थोडा होता. अंतिम फेरीत दुसऱ्या स्पर्धकाच्या चुकीमुळे शर्यत पुन्हा सुरू करावी लागली आणि त्यांची लय बिघडली. पुढे एका मुलाखतीत त्यांनी आणखी एक साधे कारण सांगितले : क्रीडाग्रामात मानवेल असे अन्न नव्हते, तांदळाची पेज आणि लोणचे यांवर दिवस काढले, अखेरच्या टप्प्यात शक्ती उरली नाही. आमच्या मते संपूर्ण चरित्रातील हा सर्वांत बोलका तपशील होय. पेजेचे ते भांडे एका खेळाडूइतकेच तत्कालीन क्रीडाव्यवस्थेविषयी सांगते.

तरीही या एका शर्यतीने चरित्र व्यापून टाकणे अन्यायाचे ठरेल. केरळ शासनाने १९७६ मध्ये मुलींसाठी काढलेल्या कण्णूरच्या क्रीडाशाळेत प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांनी त्यांना घडवले. १९८५ च्या जकार्ता येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णपदके पटकावली. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धांत भारताला एकूण पाच सुवर्णे मिळाली. त्यांपैकी चार उषा यांच्या सहभागाची होती, तीन वैयक्तिक आणि एक रिले संघाचे. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये मात्र त्यांना प्राथमिक फेरीही ओलांडता आली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी केरळात मुलींसाठी प्रशिक्षणशाळा उभारली, आणि २०२२ मध्ये त्या भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

स्वाध्याय : उषा यांचे चरित्र लिहिताना तुम्ही आरंभ कण्णूर, लॉस एंजेलिस की सोल येथून कराल? निवडीमुळे चरित्रनायिकेची कोणती प्रतिमा उभी राहील, ते सकारण लिहा.