ओबोवादक जॉन डी लान्सी

लग्नघरी वाजणारी शहनाई तुम्ही ऐकली असेल. मराठीत तिला सनई म्हणतात. युरोपात या सनईचे एक नातेवाईक वाद्य आहे. त्याचे नाव ओबो. काळ्या लाकडाची बारीक नळी, तिच्यावर धातूच्या कळा आणि तोंडाशी एकमेकींवर बांधलेल्या दोन पातळ पात्या, असे त्याचे रूप असते. फुंकर घातली की पात्या थरथरतात आणि सूर निघतो.

या पात्या वादक बहुधा स्वतःच तयार करतो. खुशखतीसाठी तुम्ही बोरूचा कलम तासता ना? त्याच नात्यातल्या पोकळ गवताची कांडी ओबोवादक चिरतो, आतून कोरतो, दोऱ्याने बांधतो आणि चाकूने तासतो. चाकू जरा जास्त फिरला की सगळी मेहनत वाया! चांगली जमलेली पातीही थोड्याच दिवसांत निकामी होते. मग पुन्हा नवी. म्हणून ओबोवादकाचे निम्मे आयुष्य सुताराचे असते, असे म्हटले तरी चालेल.

जॉन डी लान्सी यांचा जन्म १९२१ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात झाला. लहान वयातच ते फिलाडेल्फिया शहरातील कर्टिस संगीत संस्थेत शिकायला गेले. या संस्थेत विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नाहीत. तेथे मार्सेल ताब्युतो हे त्यांचे उस्ताद होते. ताब्युतो फ्रान्सचे. फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात १९१५ पासून ते पहिले ओबोवादक होते. स्वभावाने मोठे कडक! डी लान्सी त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि पिट्सबर्ग शहराच्या वाद्यवृंदात त्यांना नोकरी मिळाली.

तेवढ्यात दुसरे महायुद्ध आले. डी लान्सी सैनिक झाले. १९४५ साली त्यांची तुकडी जर्मनीत होती. तेथे गार्मिश गावात रिचर्ड स्ट्राउस हे थोर संगीतकार राहत होते. त्यांनी तेव्हा वयाची ऐंशी ओलांडली होती. डी लान्सी त्यांना भेटायला गेले. स्ट्राउस यांच्या रचनांत ओबोला किती सुंदर जागा दिल्या आहेत, हे ते जाणून होते. त्यांनी धीर करून विचारले, "खास ओबोसाठी एखादी मोठी रचना करण्याचा विचार आपण कधी केला आहे का?"

स्ट्राउस म्हणाले, "नाही."

बोलणे तेथेच संपले. पण प्रश्न म्हाताऱ्याच्या मनात राहिला. त्याच वर्षी त्यांनी ओबोची रचना लिहून काढली. एका अमेरिकन सैनिकाने हे सुचवले, अशी नोंदही केली. गंमत अशी, की या नोंदीत त्यांनी त्या सैनिकाला शिकागोचा करून टाकले! १९४६ च्या फेब्रुवारीत ती रचना झुरिक शहरात प्रथम वाजली, पण दुसऱ्या वादकाच्या हातून.

अमेरिकेत तरी ती प्रथम डी लान्सींनी वाजवावी, अशी स्ट्राउस यांची इच्छा होती. पण १९४६ साली डी लान्सी फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात आले होते. तेथे पहिल्या खुर्चीवर त्यांचे उस्तादच बसलेले. एकट्याने वाजवण्याचा मान पहिल्या वादकाचा, हा तेथला रिवाज. खालच्या जागेवरच्या शागिर्दाला तो कसा मिळणार? डी लान्सींनी तो हक्क न्यूयॉर्कचे ओबोवादक मिच मिलर यांना दिला. मला विचाराल तर हा रिवाज येथे फार कठोर ठरला.

ही रचना अवघडही आहे. सुरुवातीलाच ओबोला खूप वेळ उसंत मिळत नाही. ओबोचे तोंड इतके अरुंद असते, की वादकाच्या छातीत हवा उरते. पण ती शिळी असते. आधी ती बाहेर टाकावी लागते आणि मगच नवा श्वास घेता येतो.

१९५४ साली ताब्युतो निवृत्त झाले. त्यांची खुर्चीही डी लान्सींना मिळाली आणि कर्टिसमधला त्यांचा वर्गही. सकाळी तालीम, मग विद्यार्थी, रात्री कार्यक्रम आणि मध्ये पात्या तासणे. त्यांनी फ्रान्सचे संगीतकार झाँ फ्राँसे यांच्याकडून ओबोसाठी नवी रचना करून घेतली. दिवसाच्या ठरावीक वेळी उमलणाऱ्या सात फुलांवर ती आहे. त्यांतल्या एका फुलाच्या नावात आपला मलबार आहे!

१९७७ साली डी लान्सी कर्टिस संस्थेचे संचालक झाले. वाद्यवृंदातली त्यांची खुर्ची रिचर्ड वुडहॅम्स यांना मिळाली. तेही डी लान्सींचेच शागीर्द. वुडहॅम्स २०१८ पर्यंत त्या खुर्चीवर होते.

आणि स्ट्राउस यांची ती रचना? डी लान्सींनी ती १९८७ साली ध्वनिमुद्रित केली. गार्मिशच्या त्या भेटीला तेव्हा ४२ वर्षे झाली होती आणि डी लान्सी ६६ वर्षांचे होते.

विचार करा व लिहा : अमेरिकेत ती रचना प्रथम वाजवण्याची संधी डी लान्सींना का मिळाली नाही? तो रिवाज तुम्हांला योग्य वाटतो का?