ओसरीवरचा दिवा मालवल्यावर

प्रश्न : 2024 च्या दिवाळीत मी लेकीकडे न्यू जर्सीत, प्लेन्सबरोला होते. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, 31 ऑक्टोबरला. पहाटे नातवानं अंगठ्याखाली कारीट म्हणून छोटी काकडी फोडली. संध्याकाळी भोपळा कोरून त्यात दिवा ठेवला आणि सांगाड्याचं सोंग घेऊन तो चॉकलेटं गोळा करायला निघाला. साडेआठच्या सुमारास गल्लीतले पोर्चचे दिवे पटापट मालवले, मुलं झोपली. मला वाटलं, झालं. पण अकराला खिडकीतून बघते तर समोरच्या घरापुढे शेकोटी पेटलेली, भोवती चाळिशीतली माणसं चेटकिणी नि पिशाच्चं होऊन हसत बसलेली, आणि त्यात माझे लेक-जावई! मुलांचा सण मुलं झोपल्यावर ही मोठी माणसं कसला साजरा करतात? जावई म्हणतात, 'आई, ही इथली सर्वपित्री समजा.' खरं का? यंदा पुन्हा जाणार आहे. जागं राहू की झोपून जाऊ?
— एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर : आजी, जागं राहा. का ते सांगतो.

तुम्ही 'मुलांचा सण' म्हणालात, घोटाळा तिथेच झाला. अमेरिकेत हा सण मुलांच्या ताब्यात गेला त्याला फार तर शंभर वर्षं झाली असतील. सोंग घेऊन दारोदार जायचं आणि 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' असं धमकावायचं, ही चाल कॅनडात आणि अमेरिकेत 1920-30 च्या दशकांत रुजू लागली. मग महायुद्ध आलं. 1942 मध्ये साखर रेशनवर गेली नि खाऊच आटला. 1947 मध्ये रेशन उठलं आणि नव्यानं वसणाऱ्या उपनगरांतून ही प्रथा झपाट्यानं पसरली. पोर्चचा दिवा चालू असेल तर या, मालवला असेल तर पुढच्या घरी जा, हा अलिखित नियमही याच वस्त्यांतला. दिवे मालवल्यावर तुम्ही जे पाहिलंत, तो या सणाचा जुना भाग. चॉकलेटं मागाहून आली.

जुन्या काळी ही रात्र लग्नाळू पोरापोरींची होती. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स यानं 1785 मध्ये 'हॅलोविन' याच नावाची लांबलचक कविता लिहिली आणि शेतकऱ्यांच्या घरचे हे रात्रीचे उद्योग परक्या वाचकाला कळावेत म्हणून तिला स्वतःच टिपा जोडल्या. डोळे मिटून परसात जायचं आणि केल नावाच्या कोबीच्या भाऊबंदाचा हाताला लागेल तो दांडा उपटायचा. दांडा सरळसोट आला तर जोडीदार देखणा, वाकडा आला तर तोही तसाच. मुळाला माती चिकटून आली तर पैसाअडका बरा. आतला गाभा चाखून स्वभाव गोड की कडू ते ओळखायचं. मग चुलीच्या निखाऱ्यांत टणक कवचाची दोन फळं टाकायची, एक तिच्या नावाचं, एक त्याच्या. शेजारी शेजारी गुपचूप जळली तर संसार सुखाचा. एक फटकन उडालं तर पत्रिका जुळत नाही. आणि जिची छाती मोठी, तिनं एकटीनं मेणबत्ती घेऊन आरशापुढे उभं राहून सफरचंद खायचं. खांद्यावरून होणाऱ्या नवऱ्याचा चेहरा डोकावतो म्हणे! आयर्लंडमध्ये याच सणाला मनुका-बेदाणे घातलेला बार्मब्रॅक नावाचा पाव करतात. त्यात अंगठी दडवलेली असते. जिच्या तुकड्यात ती येईल तिचं लग्न ठरलं. नाणं आलं तर श्रीमंती, चिंधी आली तर गरिबी.

जोडीला खोड्या होत्याच. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टारगट पोरं या रात्री लोकांची फाटकं उचलून न्यायची, घोडागाडीचे भाग सुटे करून छपरावर पुन्हा जोडायची. गावकरी इतके वैतागले की मुलांना गुंतवायला त्यांनी पार्ट्या आणि मिरवणुका सुरू केल्या. खाऊ वाटण्याची प्रथा इतकी लवकर आवडती झाली, त्याचं एक कारण हेच. तुमच्या न्यू जर्सीत खोड्यांसाठी आदली रात्र राखून ठेवलेली आहे. 30 ऑक्टोबरला झाडांवर टॉयलेट पेपरच्या माळा चढतात, दारांवर अंडी फुटतात. राज्याच्या उत्तर भागात तिला 'कॅबेज नाइट' म्हणजे कोबीची रात्रच म्हणतात.

त्या 30 तारखेची सर्वात मोठी खोडी तर लेकीच्या घराजवळच घडली. 1938 साली त्या रात्री आठ वाजता ऑर्सन वेल्सनं रेडिओवर मंगळवासीयांच्या स्वारीचं नाटक बातम्यांच्या थाटात सादर केलं. मंगळाचं यान उतरलं असं त्यानं जिथे सांगितलं, ते ग्रोव्हर्स मिल प्लेन्सबरोला अगदी लागून आहे. सारा देश घाबरून रस्त्यावर आला, ही वर्तमानपत्रांनी फुगवलेली गोष्ट. पण काही माणसं खरोखरच घाबरली. तिथल्या बागेत 1988 साली त्या न उतरलेल्या यानाचं स्मारकही उभारलं. लेकीला म्हणावं, दुपारी तिकडे एक चक्कर मारू.

आता रात्री साडेआठनंतरचं. पहिला विधी घरातच होतो. मुलं पिशवी जमिनीवर पालथी करतात आणि आईबाप 'तपासणी' करायला बसतात. कारण सांगतात विषाचं आणि ब्लेडच्या पात्यांचं. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकापासून अशा बातम्यांचा माग काढला. अनोळखी माणसानं वाटलेल्या हॅलोविनच्या खाऊनं मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. 1974 मध्ये टेक्सासात एक मुलगा सायनाइडनं गेला खरा, पण ते विष विम्याच्या पैशांसाठी त्याच्या जन्मदात्यानंच घातलं होतं. तरी तपासणी चालूच आहे, कारण तीत तपासणाऱ्याचा फायदा आहे. मुलं झोपली की पिशवीतून 'पालक-कर' वसूल होतो. बऱ्याच घरांत सर्वात आधी गायब होते ती शेंगदाण्याच्या सारणाची रीसेसची वाटी. सकाळी नातवानं मोजदाद केली तर आजीवर आळ येणार नाही, एवढं बघा.

मग शेकोटी. अमेरिकेच्या उपनगरात फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. गराजचं दार वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं. शेजाऱ्याचं दर्शन महिनोन् महिने नाही. वर्षातल्या या एका संध्याकाळी गल्लीतली सगळी दारं उघडतात आणि अख्खी वस्ती पायी फिरते. पोरांमागे चालून चालून आईबापांची ओळख होते, आणि ती ओळख कुणाला साडेआठला मोडवत नाही. म्हणून कुणी सफरचंदाचा गरम सायडर आणतं, कुणी मोठ्या पातेल्यात चिली नावाची राजम्या-खिम्याची तिखट उसळ, कुणी आणखी काही; पेल्यात काय आहे ते विचारायचं नसतं. ज्या वर्षी 31 ऑक्टोबर शनिवारी येतो, जसा 2020 मध्ये आला होता आणि 2026 मध्ये येतो, त्या वर्षी तर सरकारच या मंडळींना सामील होतं. तिथली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला एक तास मागे जातात, म्हणजे बैठकीला तासभर फुकट मिळतो.

ज्यांना शेकोटी पुरत नाही ते बाहेर पडतात. फिलाडेल्फियात 1829 साली सुरू झालेला आणि 1971 मध्ये बंद पडलेला ईस्टर्न स्टेट हा तुरुंग आहे. 1991 पासून हॅलोविनला तिथे तिकीट काढून घाबरायला जाता येतं, आणि ते पैसे पडक्या वास्तूच्या डागडुजीला लागतात. काही जण मध्यरात्रीच्या खेळाला जातात. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा 1975 चा पडेल सिनेमा. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात त्याचे मध्यरात्रीचे खेळ लागले आणि प्रेक्षकांनीच त्याला तारलं. ते पात्रांची सोंगं घेऊन येतात, संवादांना मोठ्यानं उलट उत्तरं देतात, पडद्यावर लग्न लागलं की तांदूळ उधळतात. अक्षता म्हणा ना!

आणि ज्यांना गर्दी हवी ते न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवर. मुखवटे नि बाहुल्या घडवणारे राल्फ ली यांनी 1974 मध्ये आपल्या वस्तीतली मुलं आणि शेजारी घेऊन एक छोटी फेरी काढली. तिची आज प्रचंड मिरवणूक झाली आहे, आणि तीत शिरायला अट एकच : सोंग हवं. 2001 साली, जुळे मनोरे कोसळून जेमतेम सात आठवडे झाले होते, तेव्हा ती निघावी की नाही असा प्रश्न होता. ती निघाली, आणि राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याची भलीमोठी बाहुली त्या रात्री रस्त्यावरून गेली.

माझी सर्वात आवडती प्रथा मात्र एका बाईची. जादूगार हॅरी हुडिनी 31 ऑक्टोबर 1926 ला डेट्रॉइटमध्ये वारला. 'आम्ही मृतात्म्यांशी बोलतो' म्हणणाऱ्या भोंदूंचं पितळ उघडं पाडण्यात त्यानं आपली शेवटची वर्षं घालवली होती. तरी नवराबायकोचं ठरलं होतं : जो आधी जाईल त्यानं, जमलंच तर, दोघांनाच माहीत असलेला निरोप पाठवायचा. बेस हुडिनीनं दहा वर्षं वाट पाहिली. 1936 च्या हॅलोविनला हॉलिवूडच्या निकरबॉकर हॉटेलच्या गच्चीवर शेवटची बैठक झाली. निरोप आला नाही. नवऱ्याच्या फोटोपाशी इतकी वर्षं तेवणारा दिवा तिनं मालवला. पण जादूगारांनी ती बैठक सोडली नाही. आजही 31 तारखेला ते जमतात, हुडिनीला हाक मारतात, तो येत नाही, आणि सगळे हसतखेळत घरी जातात.

आता जावईबापूंचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. हॅलोविन या नावाचा अर्थच 'संतांच्या दिवसाची आदली सांज'. 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती सर्व संतांचा दिवस, 2 नोव्हेंबर सर्व मृतांचा. त्या दिवशी गोव्यात, वसईत, मुंबईत शिवडीला गेलात तर दफनभूमीतल्या कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेल्या दिसतील. आयर्लंडात त्याच सुमाराला सौइन हा हिवाळ्याच्या आरंभाचा सण असे. तिथे दिवस सूर्यास्तापासून मोजत, म्हणून सणाची सुरुवातच रात्रीनं होई. आजही काही जण त्या रात्री 'मुकं जेवण' करतात. गेलेल्या माणसासाठी एक पान वाढायचं आणि जेवण संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. ही सर्वपित्रीच.

पण उरलेलं अर्धं म्हणजे शिमगा : सोंगं, आरडाओरडा, शेजाऱ्याची लाकडं पळवणं, एरवी न चालणारं एका रात्रीपुरतं चालवून घेणं. आपण पितरांना भाद्रपदात बसवलं आणि शिमगा फाल्गुनात, मध्ये जवळजवळ सहा महिने सोडून. गोऱ्यांनी दोन्ही एका रात्रीत उरकलं. म्हणून समोरच्या शेकोटीभोवती माणसं पिशाच्चं होऊन हसत होती, आणि तुम्हाला कळेना की हे रडण्याचं आहे की हसण्याचं.

तेव्हा यंदा शाल गुंडाळून शेकोटीपाशी जाऊन बसा. सोबत एक सफरचंद आणि सुरी न्या. तिकडची आणखी एक जुनी रीत आहे : साल अखंड काढायची, खांद्यावरून मागे टाकायची; ती पडून जे अक्षर होईल ते नवऱ्याच्या नावाचं. स्वयंपाकात हात बसलेल्या बाईला अखंड साल काढणं काय अवघड! इंग्रजीत ती बहुतेक 'एस' किंवा 'सी' पडते. देवनागरीत वाचाल तर 'ट' नाहीतर 'ठ'. आजोबांचं नाव त्यात बसत नसेल, तर सगळ्यांदेखत ते बसवून दाखवणं हे मात्र तुमचं काम.